मामाची शेगडी आणि मी भरलेलं वाडगं

माझा मामा भयंकर खडूस आहे. आधीच सांगून टाकते, नंतर कुणाला त्याचा पुळका यायला नको.

चायनीज नूडल सूपच्या एका हॉटेलात तो अकरा वर्षं शेगडीपाशी आहे. म्हणजे होता. तिथे गिऱ्हाईकच वाडगं घेऊन नूडल्स, भाज्या, मशरूम, हवं ते भरतं, काउंटरवर वजन होतं, तिखट किती ते सांगायचं, की वाडगं आत मामाकडे. मामा सगळं एकदम उकळत्या सूपमधल्या जाळीत ओतत नाही. आधी बटाटा, कमळकाकडी, मग मशरूम, मग नूडल्स, पाला अगदी शेवटी. कुणी घाई केली की खिडकीतून असा बघतो की तो माणूस गुपचूप जाऊन बसतो. दोनदा लग्न ठरलं, दोनदा मोडलं. आई म्हणते, तोंडामुळे. कोपरापर्यंत चटके आहेत आणि ते सूप स्वतः कधी चाखत नाही, घरी येऊन दूध-पाव खातो.

तर मालकाने टायमर आणला. सगळं एकत्र टाका, चार मिनिटांनी वाजला की काढा, कुणीही करेल, मामाने मागे बसून भाज्या चिराव्यात. मामा म्हणाला, घड्याळाला काय कळतंय शिजलं की नाही ते. मालकही हट्टी. दोन वाडगी करू म्हणाला, एक तुमचं, एक टायमरचं. फरक कळला तर शेगडी तुमची. चाखेल तुमचीच भाची, म्हणजे नंतर कुरकुर नको.

आणि त्याच सकाळी मामाने आईकडे माझी चुगली केली होती, मी लेक्चर बुडवते म्हणून. माझं डोकं नुसतं फिरलेलं. मी वाडगी भरायला लागले तर खिडकीतून हुकूम आला, "बटाटा घे. पालक घे." मग तर मी मुद्दाम नूडल्स, टोफू आणि फिश बॉल्सच घेतले, दोन्हीकडे सारखे. तिखट सगळ्यात वरचं. मामाने जाळी आपटली आणि आपलं वाडगं शिजवायला घेतलं, दुसरं मालकाने टायमर लावून.

पहिल्याच घोटाला त्या सूपातल्या चिनी मिरीने जीभ बधिर. सगळे बघतायत, नाक गळतंय. मी खरंच प्रयत्न केला, शपथ. इकडचं खाल्लं, तिकडचं खाल्लं, पुन्हा इकडचं.

"सारखंच लागतंय," मी म्हणाले.

मालक खूश. मामाने एप्रन काढला, नीट घडी करून काउंटरवर ठेवला आणि मागच्या स्टुलावर जाऊन बटाटे सोलायला लागला.

संध्याकाळी मी त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिले. सॉरी म्हणायला गेले होते, पण त्याने तोंड उघडू दिलं तर ना.

"खोटं बोलायचं होतंस."

"का बोलू? खरंच सारखं लागलं."

"लागणारच. त्यात वेगळं शिजण्यासारखं होतंच काय? म्हणून सांगत होतो."

"मग नीट सांगायचं."

"नीट सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

नसतं घेतलं. पण ते मी त्याच्यासमोर कशाला कबूल करू?

"उद्यापासून तिथे जेवायला यायचं नाही," तो म्हणाला.

"येणार. हॉटेल तुझं नाहीये."

"शेगडीही नाही आता," म्हणाला आणि दार माझ्या तोंडावर लावलं.

दोन आठवडे झाले. एकाच घरात राहतो आम्ही. आई मध्ये बसून माझं त्याला आणि त्याचं मला सांगते.