दुर्गाबाईंचं सडन आणि ग्रॅज्युअल

केदारखेड्याच्या दुर्गाबाईंना पन्नाशीत इंग्रजी आलं. तेही सगळं नव्हे. कोणती गोष्ट किती वेगानं होते आणि कशी बदलते, एवढं सांगण्यापुरतंच.

झालं असं की त्यांची मुलगी शालू जालन्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. परदेशात नोकरी मिळवायची तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, म्हणून सुट्टीला घरी आली की ती ओसरीवर बसून मोठ्यानं पाठ करायची. परीक्षेत एक आलेख देतात. त्यातली रेघ वर गेली की खाली आली, आणि गेली ती कशी गेली, हे नेमक्या शब्दांत सांगायचं असतं. दुर्गाबाई शेजारी मेथी निवडत बसायच्या. कान मोकळेच होते.

"सडन म्हंजी काय गं?"

"अचानक."

"आन रॅपिड?"

"भरभर."

"मंग एकच झालं की."

"न्हाई, आई. रॅपिडमधी येताना दिसतं तरी. सडनमधी दिसतच न्हाई. ग्रॅज्युअल म्हंजी हळूहळू. स्टेडी म्हंजी एका चालीनं, कमी न्हाई का जास्त न्हाई."

दुर्गाबाईंनी मेथीची एक काडी बाजूला टाकली आणि अंगणात पाहिलं. त्यांचे मालक, काकासाहेब, सकाळपासून खाटेवरून उठण्याच्या बेतात होते.

"हे ग्रॅज्युअल हायेत," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरात काही साधं उरलं नाही. लाइट सडन जायची आणि यायची ती ग्रॅज्युअल, आधी बल्बच्या तारेला नुसती लाली. सोयाबीनचा भाव वर चढताना ग्रॅज्युअल, उतरताना रॅपिड. शेजारच्या साळूबाई नळावर भांडल्या आणि लगेच डोळ्याला पदर लावून बसल्या, तेव्हा दुर्गाबाई त्यांना शांतपणे म्हणाल्या, "साळू, तू लई ड्रामॅटिक." साळूबाईंनी नातवाला अर्थ विचारला आणि आठ दिवस बोलणं बंद ठेवलं. दुर्गाबाईंना त्याचं फार वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही.

अशात शालूला पाहायला घनसावंगीहून पाहुणे आले. मुलगा ऋषी, जालन्यात एका कारखान्यात इंजिनिअर. सोबत त्याची आई पुष्पाबाई आणि काका अण्णासाहेब. अण्णासाहेब मोठ्या हपिसातून रिटायर झालेले. ऋषीला वडील नव्हते, त्यामुळे त्या घरात शेवटचा शब्द अण्णासाहेबांचा असायचा, पहिलाही त्यांचाच.

पोहे झाले, चहा झाला. शालूला नाव, शिक्षण, ड्युटीची वेळ विचारून झाली. मग अण्णासाहेब कप खाली ठेवत म्हणाले, "आमच्या घरात सगळं फास्ट असतं. मुलीला जमेल ना?"

"फास्ट म्हंजी कसं, साहेब? रॅपिड का सडन?" दुर्गाबाईंनी विचारलं.

अजून पोहेच खात असलेल्या काकासाहेबांना ठसका लागला. अण्णासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, पण माणूस इंग्रजीचा जाणकार होता. "सडन म्हणजे अचानक घडणारं," त्यांनी समजावलं. "ते घटनेला म्हणतात, बाई. माणूस सडन नसतो."

"माणूस नसंल. राग तर असतो ना?" दुर्गाबाई ऋषीकडे वळल्या. "मला एवढंच सांगा बापू, तुमचा राग कसा येतो? सडन का ग्रॅज्युअल?"

ऋषीनं आईकडे पाहिलं. पुष्पाबाई म्हणाल्या, "खरं सांग. न्हाईतर मी सांगते."

"सडन," ऋषी म्हणाला.

"आन जातो कसा?"

"जातो तो ग्रॅज्युअल, मावशी."

मग ऋषीनंच मान वर केली आणि सरळ शालूला विचारलं, "तुमचा?"

"मला लवकर येत न्हाई," हातातला ट्रे सावरत शालू म्हणाली. "पण आला की स्टेडी ऱ्हातो."

पुष्पाबाईंना हसू आवरेना. अण्णासाहेब मात्र उठले. "आम्ही मुलगी पाहायला आलो का मुलाखत द्यायला?" असं म्हणून पायात चपला घालून थेट गाडीत जाऊन बसले. मग बाकीच्यांनाही उठावं लागलं.

गाडी गेल्यावर काकासाहेब बायकोला एवढंच म्हणाले, "चांगलं स्थळ आल्तं." ते रागावले असते तर बरं झालं असतं. दुर्गाबाईंनी संध्याकाळची भाकरी केली, पण त्यांना ती जाईना. आपल्या जिभेपायी पोरीचं नुकसान झालं की काय, हे मनातून हलेना. शालूची समजूत घालायला गेल्या, तर शालू म्हणाली, "आई, तू विचारलं न्हाई तर मी विचारणार होते. फक्त मराठीत."

चार दिवसांनी पुष्पाबाईंचा फोन आला. "विहीणबाई म्हणू का अजून न्हाई?" त्यांनी आधी विचारलं, आणि मग म्हणाल्या, "माह्या लग्नात माह्या मायनं हुंडा विचारला, जमीन विचारली, विहिरीला पाणी किती तेही विचारलं. राग कुणी विचारला न्हाई. तो मला घरी आल्यावर कळला. भाऊजींचं मी बघते. पोरीच्या मनात काय हाय ते सांगा."

शालूच्या मनात परीक्षा होती. आधी परीक्षा, मग लग्न, असं तिनं कळवलं आणि ऋषीनं ते मान्य केलं. दोघं फोनवर बोलू लागली. मधे एकदा कारखान्यात काही बिनसलं आणि तो शालूवर उखडला. शालूनं फोन ठेवला तो ठेवलाच. तिनं सांगितलं होतं तसंच झालं, राग कमी होईना का वाढेना. शेवटी रविवारी ऋषी भोकरदनच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून केदारखेड्याला येऊन उभा राहिला.

"शालू ड्युटीवर हाय. सांजच्याला येईल, उद्या सुट्टी हाय तिला," दुर्गाबाई म्हणाल्या.

"जालन्यातच?" ऋषी म्हणाला. तो स्वतः जालन्याहूनच आला होता.

"बसा," म्हणून त्यांनी भुईमुगाच्या शेंगांचं घमेलं त्याच्यापुढं सरकवलं.

ऋषीनं दिवसभर शेंगा फोडल्या. काकासाहेब समोर खाटेवर बसून त्याला सोबत करत होते, म्हणजे फोडलेले दाणे खात होते. शालू आली, तिनं त्याची लाल झालेली बोटं पाहिली आणि आत जाऊन पाणी आणलं. पुढं दोघं काय बोलली ते दुर्गाबाईंना ऐकू आलं नाही. त्यांनी प्रयत्न केला होता.

शालू दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाली आणि त्याच वर्षी लग्न लागलं. अण्णासाहेब फेटा बांधून पहिल्या रांगेत होते. पंगतीत ते प्रत्येकाला सांगत होते की हे स्थळ मुळात त्यांनीच हेरलं होतं, मुलीची आई लाखात एक आहे हे त्यांनी पहिल्या भेटीतच ओळखलं होतं. दुर्गाबाई वाढायला आल्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि अण्णासाहेबांच्या पानात आणखी दोन जिलब्या वाढल्या.