बाबांच्या वतीने

बाबांना झटका आला आणि त्यानंतर त्यांची समज गेली. अंगाने सावरले, हिंडूफिरू लागले, पण काय विचारलं ते कळेना. मी जव्हारला नोकरीला, आईबाबा मोखाड्याकडच्या पाड्यावर. बाबांची औषधं त्यांच्या पेन्शनवर चालायची. ज्याला कळत नाही त्याचा अंगठा चालत नाही, असं बँकेत सांगितलं. कोर्टातून पालक नेमून आणा. लहान मुलाला असतो तसा बापाला पालक. मी एकुलती एक, तेव्हा पालक मीच.

कोर्टाकडून चौकशीला माणूस येईल, त्याला बाबांची खरी अवस्था दिसली पाहिजे, असं वकिलांनी बजावलं होतं. मी आईला चार वेळा समजावलं. तिने मान डोलावली.

माणूस आला. बाबा ओटीवर बसलेले. त्याने आईला विचारलं, "हे घरातलं काही ठरवतात का?"

आई एकदम ताठ झाली. "म्हंजी? तोच ठरवतो. त्याला इचारल्याबिगर आम्ही राब पेटवत नाय. परवाच पेटवला, त्याच्याच हातानं."

खोटं नव्हतं. पेरणीआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, तो राब. आमच्या घरी पहिली आग कर्त्या माणसाने लावायची. आईने जळतं लाकूड बाबांच्या मुठीत दिलं, मूठ आपल्या हातात धरली आणि विचारलं, "इथंच ना?" बाबा हसले. आईच्या लेखी तो होकार.

तो होकार अहवालात गेला आणि तारीख पुढे पडली. गोळ्या अर्ध्या करून द्यायची वेळ आली. मी आईवर भडकले. "त्यांना काही कळत नाही, एवढंच म्हणायचं होतं ना!"

"तो समोर बसला होता, बाय. त्याच्या तोंडावर कसं बोलू?"

पुढच्या तारखेला ते मीच बोलले. बाबा मागच्या बाकावर, आणि मी एसटीची पाटी वाचावी तसं सांगून टाकलं, माझ्या वडिलांना काही कळत नाही. रडू येईल असं वाटलं होतं. काहीच आलं नाही. न्यायाधीशांनी बाबांना जवळ बोलावून दोन-तीन प्रश्न विचारले. बाबा हसत राहिले. आदेश मिळाला, पेन्शन सुरू झाली, गोळ्या पुन्हा अख्ख्या मिळू लागल्या.

आईला मी सांगितलं, आता बाबांच्या वतीने मी ठरवणार. ती "बरं" म्हणाली आणि चुलीकडे गेली.

थोड्या दिवसांनी शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून तिचा फोन आला. "बाय, माझा भाऊ आजारी हाय. दोन रोज माहेरी जाऊ का?"

"मला काय विचारतेस?"

"आजवर त्याला इचारून जायची. आता तूच ना? आन् त्याला संगं नेऊ का, तेपण सांग."

मला काहीतरी वाटायला हवं होतं. फोन कानाला लावून मी वाट पाहिली. पलीकडे आईही वाट पाहत होती.

"ने," मी म्हणाले.