पिठात गिरवलेली अक्षरं

ओटिली, तुझ्याबद्दल लिहितेय. हे तुला तुझी सून आनेग्रेट वाचून दाखवेल, तेव्हा मधेमधे तिच्या चुका काढू नकोस. रागावलीस तरी चालेल, तुझ्या रागाची आम्हा शेजाऱ्यांना सवय आहे.

श्मिटांच्या घरातून मेलेलं माणूस गाण्याशिवाय उंबऱ्याबाहेर जात नाही. शवपेटी दाराशी आली की घरातल्या बाईनं वही उघडून घराचं गाणं म्हणायचं. पाठ असलं तरी वहीतून वाचूनच. ही वही ओटिलीच्या आजेसासूची, जुन्या टोकदार जर्मन लिपीतली. ती लिपी वाचणारी घरात एकटी ओटिली उरली होती, आणि तिच्या डोळ्यांवर पडदा येऊन बसला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते.

नक्कल करून घ्या म्हणावं, तर घरचा समज आडवा येई. मालकीण जिवंत असताना वही उतरवली की तिचा शेवट जवळ येतो. फोटो काढू या, असं सुचवणाऱ्याला ओटिलीनं सुनावलं होतं, ‘‘काढा. पेटीचं मापही घेऊन टाका.’’ पण मनातून ती पोखरली होती. आपल्याला गाण्याविनाच उचलतील, एवढीच धास्ती.

शेवटी सूनच पुढे झाली. आनेग्रेट समुद्राकडची, तोंडाची फटकळ. शेवयांच्या फळीवर तिनं पीठ पसरलं आणि म्हणाली, ‘‘आई, वहीला हात लावत नाही. अक्षरं तरी गिरवून घ्या.’’

ओटिली बोटानं अक्षर काढी, सून त्यावर गिरवी. ‘‘कोंबडी बरं लिहील,’’ सासू म्हणे. ‘‘मग कोंबडीलाच शिकवा,’’ सून म्हणे. हिवाळाभर त्या घरात धड शेवया झाल्या नाहीत.

फेब्रुवारीत वरच्या खोलीतली ओटिलीची म्हातारी नणंद आडेलहाइट गेली. पेटी दाराशी आली, माणसं टोप्या हातात घेऊन उभी राहिली. ओटिलीनं वही उघडली. पान नुसतं करडं दिसत होतं. तिनं वही सुनेपुढे धरली. आनेग्रेट दुसऱ्या कडव्यात अडखळली, थांबली, ओळीवर बोट ठेवून पुन्हा निघाली आणि शेवटापर्यंत गेली. मग पेटी उंबरा ओलांडून गेली.

ओटिली बाकावर बसली. किती तरी महिन्यांनी तिचे खांदे खाली आले.

‘‘चालीची माती केलीस,’’ ती म्हणाली.

‘‘वाचलं की नाही?’’

‘‘वाचलंस. आता मला मरायची घाई नाही.’’

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघी वही घेऊन बसतात. मेलेल्यांचं झालं, आता लग्नाची, कापणीची गाणी चालली आहेत. इतक्या वापरानं वहीची शिवण उसवली. लाउटरबाख गावातल्या पुस्तकं बांधणाऱ्याकडे नेऊ या, असं तुझं माझं ठरलं होतं, ओटिली. एका गुरुवारी तुझे गुडघे धरले, पुढच्या गुरुवारी माझी बस चुकली. वही अजून पुडीच्या दोऱ्यानं बांधलेली आहे.