नकाशात मेलेली आत्या

मळमळायला सुरुवात झाली ती केकपासून. राजूरला, गणपतीच्या देवळाजवळच्या मंगल कार्यालयात आमचं अख्खं घराणं जमलं होतं. भिंतीवर पांढरा पडदा, पडद्यावर प्रोजेक्टरनं टाकलेला मराठवाड्याचा नकाशा, आणि नकाशावर जागोजागी केक चिकटवलेले. क्रीमचे, वर लाल चेरी. जिथं आमच्या माणसाचा जन्म, तिथं केक. माझे पणजोबा म्हणे बाजरीच्या शेतात जन्मले, सुईण पोचायच्या आधीच. त्यांनाही केक. लग्नाला हिऱ्याची अंगठी. आणि मरणाला थडगं, वर क्रूस असलेलं. आमच्यात मोठं माणूस गेलं की जाळतात. तरी भोकरदन तालुका थडग्यांनी नुसता खच्चून भरला होता. नाव आलं की थडगं टुणकन वर यायचं आणि मागं बासरी वाजायची. आजोबांच्या थडग्याला लागूनच एका परमिट रूमची पाटी दिसत होती, तिच्याखाली साडेतीन तारे. लोक टाळ्या वाजवत होते. 

हा पराक्रम माझ्या चुलतभावाचा. तो पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं आपल्या वडिलांना, म्हणजे माझ्या काकांना, फोनवर बोलतं केलं, ते सगळं रेकॉर्ड केलं आणि त्यातून नोंदी काढून नकाशावर लावायचं काम कॉम्प्युटरवरच सोपवलं. काका जालन्याला असतात, धान्याच्या मोंढ्यात त्यांची आडत आहे. माझे वडील वारल्यापासून घराण्याचा इतिहास ही त्यांची खासगी मालमत्ता झालेली. दाढेतली सुपारी जिभेनं काढत ते इतिहास सांगतात, आणि नको तिथं गिळून टाकतात.

माझ्या शेजारी आत्या बसली होती. काकांची धाकटी बहीण. तिला आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला दिली होती. नवरा मारायचा. एक दिवस ती कपड्यांची पिशवी घेऊन एसटीत बसली आणि धावड्याला माहेरी आली, ती कायमची. तेव्हापासून तिथली जमीन तीच करते. आमच्या सगळ्यांच्या घरचं वर्षाचं तिखट तिच्या मिरचीचं असतं, पण आमच्या एकाही लग्नपत्रिकेत तिचं नाव नसतं. गाडीत येताना तिनं मला सारखं विचारलं होतं, "माझं धावडं दाखवतील ना रे त्याच्यात? माझं वावर?" तेवढ्यासाठी ती नवं लुगडं नेसून आली होती.

तिची पाळी आली. धावड्यावर केक. टेंभुर्णीवर अंगठी. मग नकाशा सर्रकन खाली घसरला, पार सोलापूर जिल्ह्यात गेला, तिथल्या दुसऱ्याच टेंभुर्णीत एका पेट्रोल पंपाशेजारी थांबला, आणि पंपाला खेटून आत्याचं थडगं उगवलं. बासरी वाजली.

माना वळल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं चुकून हात जोडले.

आत्यानं चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि थडगं नीट पाहिलं. "मंग," ती मला म्हणाली, "माझ्या तेराव्याला गोड काय केल्तं?"

मी एवढ्या जोरात हसलो की काकांनी वळून पाहिलं.

जेवणं होताच आत्यानं चुलतभावाला गाठलं. तो बिचारा घामाघूम. त्यानं मूळ रेकॉर्डिंगच ऐकवलं. त्याचा प्रश्न, "बाबा, आत्याचं पुढं काय?" आणि काकांचा आवाज, सुपारीसकट: "ती टेंभुर्णीला गेली. खतम."

आमच्याकडं खतम म्हणजे विषय संपला, पुढं विचारू नको. कॉम्प्युटरला वाटलं, बाई संपली. पण कॉम्प्युटर चुकला असं मी म्हणणार नाही. काकांच्या पोटात काय होतं ते त्यानं बराबर ओळखलं.

"सॉरी, आत्या," चुलतभाऊ म्हणाला.

"सॉरी राहू दे. वावर काढ."

त्यानं मोबाईलवर आकाशातून काढलेला फोटो उघडला. आत्यानं बोट फिरवत आधी नदी शोधली, मग विहीर, मग विहिरीजवळचं पत्र्याचं खोपटं. "हे माझं. इथं लाव."

तो खूण लावायला गेला, तर यादीत जन्म, लग्न, मृत्यू, नोकरी आणि घरखरेदी एवढंच. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईसाठी पर्याय नव्हता. "काय लिहू?"

"लिही, धावड्याला हाय."

त्यानं लिहिलं. हिरवी खूण लागली. परतताना ती मोबाईल माझ्याकडून मागून घ्यायची, खूण बघायची, परत द्यायची. एकदा तर गाडी थांबवून तिनं चहावाल्यालाही दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा उघडला तर थडगं नव्हतं, हिरवी खूणही नव्हती. केक, अंगठी, काहीच नाही. काकांना बहीण कधी झालीच नव्हती.

मी काकांना फोन लावला. "अरे, नातीचं जमून राह्यलंय," ते गोडीत म्हणाले. "त्या लोकांना नकाशा पाठवलाय. रविवारी येऊन राह्यले. मंग घरात सासर सोडून आलेली बाई कशाला दाखवायची? मेलेली बी काढली, जिती बी काढली. बिलकुल साफ. कुणाला वाईट वाटायला नको."

शेणात पाय पडला तर निदान धुता येतो. हा आवाज कानात दिवसभर राहिला.

मी धावड्याला जाऊन आत्याला सांगितलं. ती मिरच्या वाळत घालत होती. "म्हंजे काल बरं होतं," ती म्हणाली, "मेलेली तरी होते." मग हात धुऊन आत गेली आणि पिशवी भरून बाहेर आली. "गाडी काढ. जालन्याला चल."

 दार काकांनीच उघडलं. आत्या त्यांच्या पाया पडली, आत जाऊन सोफ्यावर मांडी घालून बसली आणि पिशवी मांडीवर ठेवली.

"कशी काय आलीस?" काका दारातूनच म्हणाले.

"मला नकाशात जागा न्हाई, दादा. म्हणून इथं राह्यला आले. रविवारी पाहुणे आले की चहा मीच देते."

काका माझ्याकडं बघू लागले. मी पंख्याकडं बघू लागलो.

"पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगशील?"

"तू जे सांगशील ते. सांग, मी कोण?"

काका बाल्कनीत गेले आणि त्यांनी मुलाला फोन लावला. खालच्या आवाजात बोलले, तरी ऐकू आलंच: "ती धावड्याची खूण लावून टाक. जल्दी." आतून चहा यायच्या आधी खूण लागली. एवढ्या वर्षांत जी गोष्ट लाजेनं झाली नाही, ती पाहुण्यांच्या धाकानं मिनिटभरात झाली. मला आनंद व्हायला हवा होता. पण काका बाल्कनीतून आले ते उपकार केल्यासारखे हसत, आणि त्या हसण्यानं मला त्या केकांपेक्षा जास्त मळमळलं.

आत्यानं मोबाईलवर खूण पाहिली, बशीत ओतून ती चहा पूर्ण प्यायली आणि चहा आणलेल्या माझ्या काकूला म्हणाली, "साखर कमी हाय."

मग ती उठली. काकांच्या जिवात जीव आला असावा, ते पिशवी उचलून द्यायला पुढं झाले.

"ठेव ती," आत्या म्हणाली. "रविवारपर्यंत हाये मी."