बातम्यांवर चढलेली शिट्टी

मुरुम गावात आमच्या भिंतीपलीकडे रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहत. तापल्या राळेचा गोडसर वास त्यांच्या अंगाला नेहमी येई. रेडिओ तपासायला लहरी निर्माण करणारं त्यांचं लोखंडी खोकं होतं. त्याची बटणं ते सतारीच्या खुंट्यांसारखी डोळे मिटून पिळत. नुसती लहर मुकी असते, म्हणून तिच्यावर ते बारीक शिट्टी चढवत आणि बिघडलेल्या रेडिओतून ती घुमली की हसत, "बोलला बघा, अक्का!"

माझे पती तेव्हा निजामाच्या सरहद्दीपलीकडे, त्याच्याविरुद्ध लढणाऱ्यांच्या शिबिरात होते. इथं मनाई असलेल्या, आमच्या रेडिओवर येणाऱ्या सायंकाळच्या बातम्या हाच मला त्यांचा धागा. आठवडाभर नेमक्या त्याच वेळी एक शिट्टी त्या बातम्या गिळू लागली. अखेर रेडिओ तसाच चालू ठेवून मी मदत मागायला त्यांचं दार लोटलं. खोकं चालू होतं, त्याची तार आमच्या भिंतीवर चढली होती.

"तुम्ही?" मी तारेकडे बोट केलं.

"निजामाचे बंदूकवाले भिंतीला कान लावत फिरायलेत, अक्का. बातमी ऐकू आली की घर जाळत्यात."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तरी तुमी हळू आवाजात ऐकलंच असतं."

खिडकीखाली बूट थांबले. त्यांनी डोळे मिटून शिट्टी आणखी चढवली.