बारा मडक्यांची कढई

गोकुळाबाई गप्प राहिली असती तर माझी नोकरी तर गेलीच असती, वर बेअब्रूही झाली असती. धानोऱ्याच्या पुढं जंगलात गुणवंतराव शेटची काताची भट्टी होती आणि मी तिथला मुनशी. सन छप्पन्नचा हिवाळा.

खैराच्या ढलप्या मडक्यात उकळायच्या, उतरलेलं लाल पाणी आटवायचं, थिजवायचं, की झाला कात. बारा बायका, बारा मडकी. त्यांत जाणती गोकुळा. घड्याळाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. ढलपी दाताखाली धरायची, थुंकायची आणि उतरवा म्हणायची. तिचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

त्या साली शेटनं नागपूरहून तांब्याची भलीमोठी कढई आणली. बारा मडक्यांचा माल एका दमात निघणार होता. कढई जमली तर एवढ्या बायका कशाला, आणि फसली तर आपली मडकी बरी, असं तो उघड बोलला. हिशेब मी मांडला. एका मडक्याचं लाकूड, पाणी, जाळ, सगळ्याला बारानं गुणलं. फार अक्कल चालवली असं वाटलं मला.

पहिला घाणा पातळ निघाला. थिजेचना. दुसराही तसाच. शेटचं डोकं फिरलं. लाकडाच्या ठेकेदाराकडून लाच खाऊन मी रद्दी खैर घेतला, असा आळ त्यानं चारचौघांत घेतला. तिसरा घाणा फसला तर मला पोलिसांत देणार होता.

त्या तिसऱ्या घाण्याच्या दुपारी गोकुळानं कढईतली ढलपी काढून दगडानं फोडली. बाहेरून फिकी, आत लालभडक. रंग सुटलाच नव्हता. मडक्यासाठी बायका ढलप्या पातळ तासायच्या. कढई लवकर भरावी म्हणून शेटनंच ढलप्या कुऱ्हाडीनं जाडजूड फोडायला लावल्या होत्या. मी सगळं गुणलं, ढलपीकडे मात्र पाहिलंच नव्हतं.

वच्छला शेजारीच होती. गोकुळाची धाकटी जाऊ, दोन लेकरांची विधवा. तिनं गोकुळाचा हात धरला.

"बाई, सांगू नोका काई. फसू द्या कढई."

गोकुळानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. सांग म्हणायची हिंमत नव्हती, नको म्हणायचीही नव्हती.

शेट आला. पळसाच्या पानावर थेंब टाकला, तो पाण्यासारखा ओघळला. त्यानं माझं मानगूट धरलं.

"सोडा त्याले, शेट," गोकुळा म्हणाली. "लाकूड चांगलं हाये. ढलपी जाड हाये, तुमीच फोडाले लावली. मडक्याचा हिशेब कढईले तसाच लागत नाई. ढलपी, मडकं, कढई, तिघांचं मिळून पाहा लागते."

शेटनं माझं मानगूट सोडलं आणि पातळ ढलप्यांचा घाणा लावला. कात थिजला, आणि तोही एक नंबरचा. कढईवर गोकुळा आणि तासायला सातजणी एवढ्यात भागू लागलं. उरलेल्या चौघींना काढलं, त्यांत वच्छला. नावं वाचायचं काम माझं. गोकुळा कढई ढवळत होती, तिनं वर पाहिलं नाही. आणि मी वच्छलाचं नाव ठणठणीत आवाजात वाचलं, कारण आपण वाचलो याचा आनंद माझ्या अंगातून अजून उतरला नव्हता.