सोळाचे आठ

ऑफिसात त्यांना सोळाआणे म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. जुन्या फोटोंच्या संग्रहालयात काचेच्या निगेटिव्ह स्कॅन करायचं त्यांचं काम. अकरा वर्षांत त्यांनी एकही काच सोळा बिटच्या खाली स्कॅन केली नव्हती. "आठ बिट पुरतात हो, डोळ्याला कुठे फरक कळतो?" असं कुणी म्हणालं की तो सापडलाच म्हणून समजा. काळ्याभोर कोपऱ्यात दडलेलं वर काढायचं तर करड्या रंगाच्या पासष्ट हजार छटा हाताशी लागतात, आणि आठ बिटमध्ये मिळतात जेमतेम दोनशे छप्पन्न, हे ते समोरच्याचा चहा गार होईपर्यंत सांगत. पाहुण्यांसमोर बिट हा शब्द काढायचा नाही, अशी बायकोनं त्यांना सक्त ताकीद दिली होती.

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्या दोन वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. घरात आईचा एकही फोटो नाही. आई एका शाळेत झाडलोट करायची आणि त्या शाळेच्या एका जुन्या फोटोत मागच्या दारात ती उभी आहे, एवढंच त्यांना मावशीकडून कळलं होतं. सोळाआण्यांनी खोकी पालथी घालून ती काच शोधली. स्कॅन झाला, आणि काच उचलताना दाराजवळचा थर पापुद्र्यासारखा सुटून त्याचा चुरा झाला. ते हळहळले, पण स्कॅन हाती होता. त्यांनी पडद्यावर दारातला अंधार हळूहळू उजळत नेला, आणि त्यातून एक बाई बाहेर आली. मूळ फाईलला हात लावायचा नाही आणि उजळायचं ते छापायच्या वेळीच, हा त्यांचा नियम, म्हणून त्यांनी ते उजळलेलं काही साठवलं नाही. प्रिंटरची शाई संपली होती, ती सोमवारी यायची होती. शुक्रवारीच त्यांनी शिक्षिकाबाईंना फोन केला, "बुधवारी या. आई सापडली."

सोमवारी शाईच्या आधी नवं सॉफ्टवेअर आलं. "सगळ्या फाईली एका बटणात उघडतात," साहेब कौतुकानं म्हणाले आणि जुनं त्यांनी त्याच दिवशी काढून टाकायला लावलं. सोळाआण्यांनी बाईंची फाईल उघडली. चौकट आली, "ही फाईल जुन्या प्रकारची आहे. सुसंगत करायची?" खाली होय आणि रद्द. रद्द दाबलं की नुसता काळा पडदा. दोनदा रद्द करून झालं, तिसऱ्यांदा त्यांनी होय दाबलं. फोटो झकास उघडला. ते समाधानानं घरी गेले.

मंगळवारी त्यांनी अंधार उजळायला घेतला, तर चेहऱ्याच्या जागी करडी ठिगळं. नाक कुठलं आणि भिंत कुठली कळेना. तपासलं तर फाईल आठ बिटची झालेली, तीही जुनीच्याच जागी लिहिलेली. रात्रीच्या बॅकअपनंही इमानेइतबारे हीच नवी फाईल उचलून जुनी पुसली होती. त्यांनी सपोर्टला फोन लावला.

"फाईल ओपन होतेय ना सर?"

"होतेय. पण आठ बिटची झालीय."

"म्हणजे ओपन होतेय."

"अहो, सोळाचे आठ केलेत तुम्ही!"

"तसंच आहे सर. साईज निम्मी होते, तुमचाच फायदा."

फायदा! सोळाआण्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते जे बोलले ते शेजारच्या खोलीतल्यांनी दार लावून घेण्यासारखं होतं. दहा मिनिटांत मेसेज आला, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

ते तसेच साहेबांच्या खोलीत शिरले. साहेब म्हणाले, "सोळातले आठ तरी राहिलेत ना? निम्मं काम झालं."

"निम्मं नाही साहेब! रुपयातला अर्धा पैसासुद्धा राहिलेला नाही."

"तुमचं नेहमीचंच. द्या त्या बाईंना एक प्रिंट काढून. त्यांना काय कळतंय?"

सोळाआण्यांनी दार आपटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्या मूर्ख सॉफ्टवेअरला, सपोर्टच्या त्या गोडबोल्या पोराला, साहेबांना, सगळ्यांना शिव्या घालून झाल्या, आणि मग ज्या बोटानं होय दाबलं त्या बोटाचाही त्यांना संताप आला. अकरा वर्षं लोकांना शहाणपण शिकवलं, आणि स्वतः चौकट नीट वाचली नाही.

बुधवारी बाई आल्या. येताना रिकामी फ्रेम घेऊन आल्या होत्या. सोळाआण्यांनी त्यांना पडद्यासमोर बसवलं, ती ठिगळं दाखवली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. "'होय' मीच दाबलं," हेही सांगितलं.

बाईंनी रिकामी फ्रेम मांडीवर पालथी ठेवली. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही बघितलीत तिला."

"बघितली."

"किती वेळ?"

"अर्धा तास असेल."

"मी बहात्तर वर्षांची आहे. माझी आई, आणि मला एक मिनिट नाही! तुम्ही कोण लागून गेलात तिचे, अर्धा तास बघत बसायला?" त्यांचा आवाज चिरकला. सोळाआण्यांनी मान खाली घातली. "खाली काय बघताय? सांगा आता. एकेक सांगा. आणि मला बरं वाटावं म्हणून पदरचं काही घालू नका."

त्यांनी सांगितलं. कपाळ मोठं. भुवया जाड, मध्ये जवळजवळ जुळलेल्या. हातात झाडू. कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. डोळ्यांचा रंग विचारलात तर सांगता येणार नाही.

"माझ्यासारखी दिसत होती?"

हो म्हणणं सोपं होतं. बाई त्यासाठीच तर इतक्या लांबून आल्या होत्या.

"नाही," सोळाआणे म्हणाले. मग त्यांनी मान वर करून बाईंकडे नीट पाहिलं. "मघाशी तुम्ही आत आलात तेव्हा अजिबात नाही. आत्ता रागावलात ना, तशी. अगदी तशी."

बाई तशाच बघत राहिल्या. चेहऱ्यावरचा राग जाऊ द्यायला त्या तयार नव्हत्या.